डाव्या खुंटीवरचा पेड

त्या वर्षी गावातल्या विहिरींनी एकेक करून हात टेकले आणि दोरवळ्याच्या घराला मान वर करायला फुरसत राहिली नाही. ज्याला त्याला विहीर खोल करून हवी होती. खोल करायची म्हणजे माणूस खाली सोडायचा, दगड वर काढायचा, आणि दोन्हीला दोर लागतो. गाव पाण्यावाचून तडफडतंय आणि यांची चांदी झाली, असं लोक तोंडावर बोलायचे. चांदी कसली! तळहाताची साल निघाली होती सगळ्यांच्या. पण गिऱ्हाइकाला तोंड कोण देणार, म्हणून ऐकून घ्यायचे.

घरात कामाचे हात तसे थोडेच. चिवटीचा बाप, तिचा काका, ती आणि तिची आई. चिवटी हे काही तिचं नाव नव्हे. लहानपणी ती घायपाताच्या वाखाची बट दातांत धरून ओढायची आणि तुटली की भोकाड पसरायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता ती चांगली हाताशी आलेली पोरगी होती, पण बाप तिच्या लग्नाचं बोलायला लागला की गोष्ट पीळ द्यायच्या चाकापाशी येऊन थांबायची. ती गेली तर चाक फिरवणार कोण?

आजोबांना सगळं गाव आबा म्हणायचं. पंचक्रोशीत त्यांच्या हातचा दोर कधी तुटला नाही, ही घराची खरी कमाई. त्यांचा एक नियम होता. माणूस ज्याला लटकणार तो दोर दाराबाहेर पडण्याआधी वळणाऱ्यानं स्वतः लटकून बघायचा. मागच्या अंगणातल्या झाडाला बांधायचा, पाय उचलायचे आणि दोन-चार झोके घ्यायचे. "आपल्याला भीती वाटली तर तो दोर विकायचा नाही, बैल बांधायला ठेवायचा," असं म्हणायचे.

पण मागच्या थंडीत आबांना ताप भरला, आणि ताप उतरला तेव्हा त्याच्याबरोबर बरंच काही उतरून गेलं. आधी माणसांची ओळख गेली, मग जेवल्याचं भान, मग लघवीवरचा ताबा. सुनेला ते "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" विचारायचे. धाकट्या मुलाला गिऱ्हाईक समजून भाव सांगायचे. चिवटीला मात्र कधी ओळखायचे, कधी नाही. ओळखलं की हाक मारायचे, "चिवटे, वाख भिजवला का गं?" आणि तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

एके दिवशी ते घरातून निघाले आणि मोठ्या रस्त्याला लागले. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचले. लोकांनी धरून आणलं तेव्हा सांगितलं, म्हातारा दोन्ही हात पोटाशी धरून उलटा चालत होता. मागे वळून बघायला तयार नाही.

त्या संध्याकाळी घरात तोंडाला तोंड लागलं.

"मी आताच सांगून ठेवते," आई म्हणाली, "मला आता होत नाही. प्यायला घोटभर पाणी आणायचं तर डोंगराच्या पायथ्याला जावं लागतं, आणि इथं दिवसातून दोनदा यांचं अंथरूण धुवा. कुठून आणू पाणी? डोळ्यांतून काढू?"

"ताईकडे पाठवा मग," काका म्हणाला. त्याच्या तळहातांना फोड आले होते आणि तो फडकी गुंडाळत होता. "तिच्याकडे अजून पाणी आहे म्हणे."

"ताईनं केव्हाच हात वर केले. तिचा नवरा म्हणतो, मुलगे मेले का?"

"मेलेलेच बरे असं वाटायला लागलंय," काका पुटपुटला.

 बापानं चहाची कपबशी खाली ठेवली. "गोठ्यात एक खांब रिकामा आहे," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग आईच म्हणाली, "अहो, काय बोलताय! बाप आहे तुमचा."

"मला हौस आहे का? ट्रकखाली गेले म्हणजे? कमरेला मऊसं दावं लावायचं. बसायला अंथरूण घालायचं. सावली आहे. तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग."

 आबा कोपऱ्यात बसून रिकाम्या बोटांनी पीळ देत होते. अंगठा आणि पहिली दोन बोटं सारखी चाललेली. चिवटी त्या बोटांकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात एकदम आलं, अरे, हा माणूस रस्त्यावर भरकटलेला नव्हताच. कामावर होता.

"त्यांना चाक द्या," ती म्हणाली.

"कसलं चाक?"

"जुनं. बोळातलं. मी फिरवते, ते वळतील. उलटं चालत बोळाच्या टोकाला गेले की भिंत आहे, पुढे जाणार कुठे?"

"आणि त्यांच्या हातचं ते गाठीगाठीचं विकायचं कुणाला?" काका हसला. "माश्यांना?"

"विकायचं नाही. संध्याकाळी मी उलगडून ठेवीन. सकाळी तोच वाख त्यांना परत द्यायचा. त्यांना काय कळतंय?"

बापानं कपबशी बाजूला सारली. "तुझं काम सांभाळून करायचं. माझ्या कामात खोळंबा झाला, तर त्या दिवशी खांब. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आबांच्या कमरेला वाख गुंडाळला, एक बट चाकाच्या आकड्यात अडकवली आणि दांडी फिरवली. आणि काय सांगावं! वाकलेला म्हातारा ताठ झाला. बोटांतून वाख सोडत, पायांनी चाचपत, एकेक पाऊल मागे टाकत निघाला. पेड त्याच्यासमोर लांबत गेला. बोळाच्या टोकाला पाठ टेकली तशी त्यानं हाळी दिली, "आलो गं!"  चिवटी दांडी धरून हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

मग हे रोजचं झालं. उजाडल्यावर आबांचं चाक, मग बाप आणि काकाबरोबर मोठं चाक, दिवस कलला की आबांचा पेड उलटा फिरवून मोकळा करायचा, वाख विंचरायचा, भिजवून ठेवायचा. दंडाच्या गोळ्यांत रात्रभर ठणका. आबांच्या पेडात दर दोन हातांवर गाठ, नाहीतर इतका बारीक भाग की नुसता ताणला तर सुटावा. रोज उलगडून वाखही आखूड आणि कुजका होत चाललेला. पण आबा रोज विचारायचे, "कसा झालाय?"

"एक नंबर."

"बोट फिरवून बघ. उगाच तोंडदेखलं बोलू नकोस."

ती बोट फिरवायची आणि म्हणायची, "कुठे अडत नाही, आबा."

चुकून घोळ होऊ नये म्हणून ओसरीवर दोन खुंट्या ठरवलेल्या. दाराजवळच्या उजव्या खुंटीवर विकायच्या दोराचे पेड. लांबच्या डाव्या खुंटीवर आबांचा. काकानं तिचं नावच पाडलं होतं, लाडाची खुंटी.

उन्हाळा चढत गेला तसा विहीर खोदणाऱ्यांच्या मुकादमाचा तगादा वाढला. धिप्पाड गडी, तोंडाचा फटकळ. पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीचं काम घेतलं होतं त्यानं, आणि जुना दोर झिजला होता. एका सकाळी तो गाडी घेऊनच दारात आला. आबा बोळात वळत होते. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "काय आबा, पुढे कधी चालणार?"

आबा म्हणाले, "पुढे चालणाऱ्याला आपण काय केलंय ते दिसत नाही, मुकादम."

मुकादम खजील हसला. बापालाही हसू आलं. कधी कधी असं एखादं वाक्य निघायचं त्यांच्या तोंडून, जणू जुने आबाच भिंतीपलीकडून बोलले. चिवटीला वाटलं, आज दिवस बरा आहे.

त्यानंतर थोड्याच वेळानं बोळाच्या मध्यावर आबांचं धोतर ओलं झालं. मुकादम तिथेच उभा होता, त्याची माणसंही होती. आबा थांबले नाहीत. पेड अर्ध्यात सोडायचा नसतो, तो सोडला तर सगळा पीळ सुटतो. ओले पाय घासत ते मागे मागे जात राहिले, आणि ओठ थरथरत होते, म्हणजे त्यांना कळलं होतं. एक जण फिसकन हसला. चिवटी खाली मान घालून दांडी फिरवत राहिली. भिंत आली. आबा "आलो" म्हणाले नाहीत.

तिनं भराभर पेड गुंडाळला, आबांना हाताला धरून ओसरीवर आणलं. ते थंडी वाजल्यासारखे कापत होते. "आई! कोरडं धोतर दे," ती ओरडली, पण आई पाण्याला गेलेली. गुंडाळा हातात, आबा दुसऱ्या हाताला, मागून लोकांचे डोळे. तिनं गुंडाळा दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि आबांना आत नेलं. त्या गडबडीत हात कुठल्या खुंटीवर गेला, हे तिचं तिलाही कळलं नाही.

ती आत आबांचे पाय पुसत होती तोवर बाहेर मुकादमानं घाई लावली. आज दोर नाही मिळाला तर दुसऱ्या गावी जातो म्हणाला. बापानं मोठ्या चाकावर तीन पेड चढवले. उजव्या खुंटीवर हाताला आले ते. तिन्ही पेडांमध्ये खाचांचा लाकडी ठोकळा धरून काका चालत निघाला, ठोकळ्यामागे दोर वळत आला. काकाच्या हातांना फडकी होती. एका जागी ठोकळा किंचित अडखळला. त्याला जाणवलं, पण म्हटलं असेल एखादी गाठ, आणि जोर लावून पुढे रेटला.

"लटकायचं राहिलं," दोर गाडीत टाकताना काका म्हणाला.

"माझा खांदा कालपासून वर होत नाही," बाप म्हणाला. "तू लटक."

"या हातांनी?"

"अहो, तुमच्या घरचा दोर आहे," मुकादम वर चढत म्हणाला. "त्याला काय बघायचंय?" आणि गाडी हाकलली.

दिवस कलला तेव्हा चिवटी डाव्या खुंटीपाशी गेली. खुंटी रिकामी होती. तिनं उजवीकडे पाहिलं. उजव्या खुंटीवर एक गुंडाळा उरला होता. तिनं त्याच्यावर बोट फिरवलं. सरळ, गुळगुळीत, कुठे अडत नव्हता. बापाच्या हातचा.  पुन्हा बोट फिरवलं, जणू दुसऱ्यांदा गाठी लागतील.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाप खांद्याला शेक घेत बसला होता, आई डोंगराकडून येऊन आडवी झालेली, आणि आबा कोरड्या धोतरात शहाण्यासारखे बसून तिला म्हणत होते, "आजचा कसा झालाय?"  सांगितलं की उद्यापासून खांब. तिनं स्वतःची समजूत घातली, संध्याकाळी कोण विहिरीत उतरतंय, सकाळी सांगू. 

उजाडताच तिनं सांगितलं. बाप दात घासत होता. त्यानं चूळ टाकली आणि तिच्याकडे वळला. तिला वाटलं मारणार. मारलं नाही.

"हातगाडी काढ," तो काकाला म्हणाला. "घरातला जाड दोर घे."

"आणि आबा?" काका म्हणाला. "वहिनी पाण्याला गेली."

"त्यांनाही टाक गाडीवर."

आबा दोराच्या वेटोळ्यावर बसले, खूश झाले. "बाजाराला निघालो का?" विचारलं.  बाप आणि काका पुढे ओढत होते, चिवटी मागून ढकलत होती. वाटेवरची धूळ घोट्यापर्यंत यायची, चाकं रुतायची. कुठेही जराशी हिरवी काडी नव्हती. तिच्या पायातली चप्पल तुटली, ती तशीच टाकून ती पळत राहिली.

मळ्यात पोचले तेव्हा कप्पी कुरकुरत होती. चार गडी दोर ओढत होते आणि मुकादम काठावर वाकून खाली बघत होता.

"थांबवा!" बाप ओरडला. "मुकादम, ओढू नका! दोर खोटा आहे!"

मुकादमानं मान वळवली. "काय खोटा?"

"माणूस आहे का खाली?"

"खाली नाही. मध्ये आहे." मुकादमाचा चेहरा उतरला. "माझा मेव्हणा. वर घेतोय."

 चिवटीनं काठावरून पाहिलं. खूप खाली अंधारात एक डोकं, पागोटं बांधलेलं, एक पाय दोराच्या फासात, एक पाय खडकाला लावत तो स्वतःला भिंतीपासून दूर ठेवत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. गाणं गुणगुणत होता. खाली सोडायचा तरी तोच दोर, वर घ्यायचा तरी तोच, आणि घरचा जाड दोर सोडून बांधेपर्यंत लटकत ठेवायचा तरी तोच.

"हळू," बाप म्हणाला. "हिसका देऊ नका. सारखं ओढा."

त्यानं दुखरा खांदा विसरून दोराला हात घातला, काकानंही. दोर कप्पीवरून हात हात येत होता. चिवटीची नजर दोरावरून हलेना. मग तिला तो भाग दिसला. कप्पीच्या खाली, विहिरीच्या तोंडाशी, तीनपैकी एक पेड फुगून सुटला होता, आणि उरलेले दोन ताठ होऊन गरगर फिरत होते. तो भाग कप्पीवर चढला. अडकला. गडी थांबले.

"सारखं ओढा," बाप पुन्हा म्हणाला. 

भाग कप्पीवरून सरकला. पागोटं वर आलं, मग खांदे. मुकादमानं मेव्हण्याच्या काखेत हात घालून त्याला बकोटीला धरलं आणि बाहेर खेचून जमिनीवर पाडलं. तो उठून बसला, धूळ झटकली आणि म्हणाला, "अरे, हे काय? पाणी द्या." मग सगळ्यांचे चेहरे बघून तो दोराकडे वळला.

मुकादमानं बापाची गचांडी धरली. "हा दोर दिलास तू मला? या दोरावर माझ्या बहिणीचं कुंकू लटकवलंस?"

 बाप खाली बघत राहिला. गावात आजवर त्याला अशी मान घालून उभं कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आबा गाडीवरून उतरले होते. कुणाचं लक्ष नव्हतं. विहिरीतून वर आलेल्या दोराचं वेटोळं पडलं होतं तिथे ते उकिडवे बसले आणि दोर बोटांतून सोडायला लागले. त्यांचा चेहरा बदलला. डोळे बारीक झाले, बोटं सावकाश चालली, फुगलेल्या पेडापाशी थांबली. तो पेड त्यांनी नखानं उचकटला. आतला वाख आखूड, काळपट. बोटांत चुरगाळला तर चुरा झाला.

"कुणाचा हात आहे हा?" आबांनी विचारलं. आवाज अगदी पूर्वीचा, गिऱ्हाइकांत दबदबा होता तो. मुकादमानंही गचांडी सोडली.

काकानं बापाकडे पाहिलं.

"कुजका वाख. दर दोन हातांवर गाठ. जिथे गाठ नाही तिथे धागा." त्यांनी मुलांकडे पाहिलं. "लटकलं होतं का कुणी?"

बापानं तोंड फिरवलं. काका हातावरची फडकी चाचपत राहिला.

"लटकलं नाही कुणी! आणि माणूस सोडला याच्यावर!" म्हातारा थरथरत उभा राहिला. "ज्यानं हा पेड वळला त्याचं नाव सांगा. तो पुन्हा माझ्या चाकाला शिवता कामा नये."

पेड कुणाचा, हे मुकादमाला एव्हाना उमगलं होतं. तो बापाकडे, मग आबांकडे बघत राहिला आणि काही बोलण्यासाठी उघडलेलं तोंड त्यानं मिटलं. बापाचे ओठ हलले. तो सांगणार होता. सांगितलं असतं तर प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं, पण म्हातारा उरलेले दिवस त्याच एका वाक्यात बुडून गेला असता.

"मी वळला, आबा," चिवटी म्हणाली.

आबा तिच्याजवळ आले. त्यांनी तिला ओळखलं होतं. त्या दिवशी अगदी लख्ख ओळखलं होतं, हेच वाईट. "तू?" म्हणाले. "मी शिकवलेली?" आणि तिच्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्या हाताला जोर तो किती असणार. पण ती खाली बसली.

घरच्या जाड दोरावर मुकादमाचं काम पुढे चाललं. बापानं त्या दोराचं काही मागितलं नाही. खोटा दोर तिथेच पेटवून दिला. 

चिवटीला आशा होती की उद्या विसरतील. जेवल्याचं विसरतात, सुनेला विसरतात, हेही विसरतील. सकाळी तिनं वाख भिजवला, जुन्या चाकापाशी उभी राहिली. आबा बोळात आले, कमरेला वाख गुंडाळून घेतला, आणि चाकावर तिला पाहिलं. वाख सोडून खाली टाकला.

"ही नको."

"आबा, मी चिवटी."

"ठाऊक आहे मला. ही नको. हिनं माणूस मारला असता."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी. मुलाचं नाव आठवत नव्हतं त्यांना, पण हे आठवत होतं. काका आणि बापाला चाकावर उभं राहायला वेळ नव्हता. आईच्या डोक्यावर हंडा. आठवड्याच्या आत आबा पुन्हा मोठ्या रस्त्यावर सापडले, हात पोटाशी, उलटे चालत.

बापानं खांबाचं नाव काढलं नाही. चिवटीनंच चांगल्यातला वाख निवडला, पुन्हा पुन्हा विंचरला, अंगाला टोचणारा काटा काढता येईल तेवढा काढला, आणि एक दावं वळलं. बारीक, मऊ, कमरेला काचणार नाही असं. गोठ्यात अंथरूण घातलं, पाण्याचा तांब्या हाताला येईल असा ठेवला. आबांना बसवलं तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. तिनं मागून कमरेला दावं घातलं आणि दुसरं टोक खांबाला बांधलं. गाठ पाठीशी आणली, त्यांची बोटं पोचणार नाहीत अशी. कशी गाठ सुटत नाही ते त्यांनीच शिकवलेलं.

ती उठली तेव्हा आबांच्या बोटांना दावं लागलं होतं. अंगठा आणि दोन बोटं त्यावरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. कुठे अडली नाहीत.

"वा," आबा म्हणाले. "याला म्हणतात हात. कुणी वळलंय?"

चिवटी दाराची चौकट धरून उभी होती. बाहेरून बाप हाका मारत होता, मोठं चाक थांबलं होतं.

"तुम्हीच, आबा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वाटलंच मला," तो म्हणाला, आणि दावं बोटांतून सोडत बसून राहिला. चिवटी चाकावर गेली.